केस असोसिएशनची, अडकलंय मात्र आपलं घर

या महिन्यात काँडोची, म्हणजे सोसायटीतल्या मालकीच्या फ्लॅट्सची, पत्रं एवढी आली की व्हिसा आणि कॉलेजचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलले, रागावू नका. सगळ्यांचं दुखणं थोड्याफार फरकानं एकच आहे. असोसिएशन, म्हणजे मालकांची सोसायटी, कोर्टात गेलीय किंवा तिला कोणीतरी कोर्टात खेचलंय आणि त्यात आपलं घर विकायचंय. मी ब्रोकर आहे, वकील नाही, त्यामुळे कायद्याचं जे सांगते ते तुमच्या राज्यातल्या वकिलाला एकदा विचारून घ्या. पण घरं का अडकतात आणि कशी सुटतात हे मी बरंच जवळून बघते, म्हणून लिहिते.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही फ्रिमाँटला राहतो, २०१७ साली नवाकोरा काँडो घेतला. गेल्या वर्षी आमच्या एचओएनं, म्हणजे असोसिएशननं, बिल्डरवर केस टाकली, बाल्कन्यांमधून आणि खिडक्यांच्या कडेनं पाणी आत जातंय म्हणून. आमच्या युनिटमध्ये काही नाही हो, एक डागसुद्धा नाही. ह्यांची नोकरी ऑस्टिनला गेली, ते तिकडे भाड्याच्या घरात, मी आणि मुलगा इथे, शाळा संपली की निघायचं असं ठरलेलं. घर मार्केटला लावलं, पहिल्याच वीकेंडला ऑफर आली, आणि तिसऱ्या आठवड्यात बायरची बँक म्हणाली प्रोजेक्ट इनेलिजिबल आहे, लोन देता येणार नाही. डील मोडलं. आता रिअल्टर म्हणतो पुढच्या वेळी कोणी विचारेपर्यंत केसचा विषय काढायचाच नाही, आणि किंमत चांगली खाली आणा. दीर म्हणतात केस संपेपर्यंत थांबा. मला कळत नाहीये, आमचीच असोसिएशन फिर्यादी आहे ना, आमच्यावर कुठे कोणी केस केलीय, मग बँकेच्या पोटात का दुखतंय?

उत्तर: आधी रिअल्टरचं बोलते कारण ते ऐकून माझंच डोकं फिरलं. कॅलिफोर्नियात घर विकताना जो ट्रान्सफर डिस्क्लोजर स्टेटमेंट नावाचा फॉर्म तुम्ही सही करून देता त्यात खटल्यांबद्दल सरळ प्रश्न आहे, आणि तो फक्त तुमच्या चार भिंतींपुरता नाही, कॉमन एरियातल्या दोषांबद्दलचे दावेसुद्धा त्यात स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणजे तुम्हाला माहीत असून तिथे 'नाही'वर खूण केली तर उद्या बायर तुमच्यावर केस करू शकतो, आणि तेव्हा तुम्ही ऑस्टिनला बसून इकडच्या वकिलाची बिलं भरत असाल. शिवाय लपवून उपयोग शून्य. बायरची बँक असोसिएशनकडे काँडो क्वेश्चनेअर पाठवते त्यात खटल्याचा प्रश्न असतोच असतो, मॅनेजमेंट कंपनी खरं उत्तर देते, आणि तुमचं जसं झालं तसं तिसऱ्या आठवड्यात सगळं बाहेर येतं. तेव्हा हा रिअल्टर बदला, किंवा निदान त्याला बसवून विचारा की बाबा रे, पहिल्या बायरच्या एजंटला तू पहिल्या दिवशी काय सांगितलं होतंस.

आता बँकेचं. बायर ज्या बँकेकडून कर्ज घेतो ती बँक बऱ्याचदा ते कर्ज स्वतःकडे ठेवतच नाही, फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या मोठ्या संस्थांना विकते. म्हणून नियम त्यांचे चालतात. फॅनी मेचा नियम असा की असोसिएशन खटल्यात पार्टी असेल, फिर्यादी असो की प्रतिवादी, आणि खटला इमारतीच्या सुरक्षिततेबद्दल, बांधकामाच्या मजबुतीबद्दल, राहण्यालायक असण्याबद्दल किंवा वापराबद्दल असेल, तर अख्खा प्रोजेक्ट अपात्र. अख्खा म्हणजे अख्खा, तुमच्या युनिटमध्ये डाग आहे का नाही हे कोणी बघायला येत नाही. 'आम्ही फिर्यादी आहोत' याचा फायदा मिळतो, पण खटला किरकोळ असेल तर. बाल्कनीतून पाणी जिरतंय हे किरकोळात बसवायला अंडररायटर, म्हणजे बँकेत कर्जाची फाइल तपासून मंजूर करणारा माणूस, सहसा तयार होत नाही, आणि त्याला तरी काय बोलणार, २०१५ मध्ये बर्कलीत पाण्यानं कुजलेली बाल्कनी कोसळून ६ विद्यार्थी गेले आणि २०२१ च्या जूनमध्ये फ्लोरिडातल्या सर्फसाइडला चॅम्प्लेन टॉवर्स साउथ पडून ९८ माणसं गेली, त्यानंतर काँडोच्या फायलीत 'पाणी' हा शब्द दिसला की सगळे सावध होतात. बर्कलीनंतरच कॅलिफोर्नियात काँडोच्या बाल्कन्या आणि बाहेरचे जिने ठरावीक काळानं तपासून घ्यायचा कायदा आला, पहिली तपासणी १ जानेवारी २०२५ च्या आत करायची होती. तुमच्या असोसिएशननं ती केली असेल तर तो रिपोर्ट बायर मागणारच, आधीच मिळवून ठेवा.

तर मुद्दा हा की तुमचं घर केसमुळे अडलेलं नाही, बायरच्या कर्जामुळे अडलंय. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची कामं कुठल्या क्रमानं करायची ते आपोआप कळतं. लोक करतात काय, आधी किंमत उतरवतात, मग ऑफर येते, मग बँक नाही म्हणते, मग परत किंमत उतरवतात, आणि दर वेळी बायर तोच, फॅनी मेवाल्या कर्जाचा. किंमत कितीही खाली आणा, ज्याला कर्जच मिळणार नाही तो कुठून घेणार.

आधी लेंडर शोधा. होय, विकणाऱ्यानं लेंडर शोधायचा, ऐकायला उलटं वाटतं पण हेच काम आहे. सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे केस लागल्यापासून तुमच्याच कॉम्प्लेक्समध्ये जी युनिट्स विकली गेली त्यांची यादी काढा, एमएलएसवर, म्हणजे एजंट लोकांच्या लिस्टिंगच्या डेटाबेसवर, बऱ्याचदा कळतं की सौदा कॅशमध्ये झाला का कर्जावर. कर्जावर एक जरी क्लोज झालं असेल तर त्या एजंटला फोन करा आणि विचारा कुठल्या लेंडरनं केलं. त्या लेंडरनं तुमच्या प्रोजेक्टची फाइल एकदा वाचून हो म्हटलेलं आहे, तो दुसऱ्यांदा हो म्हणायची शक्यता जास्त. असा कोणी सापडला नाही तर क्रेडिट युनियन आणि छोट्या बँका धरा ज्या कर्ज स्वतःच्याच वहीत ठेवतात, त्याला पोर्टफोलिओ लोन म्हणतात. तिथे व्याज थोडं चढं असू शकतं, डाउन पेमेंट जास्त मागतात, पण माणूस खटल्याची कागदपत्रं वाचून स्वतःच्या अकलेनं निर्णय घेतो. तुमच्या भागात अजून एक गोष्ट आहे, किंमती एवढ्या आहेत की बऱ्याच बायर्सचं कर्ज फॅनी-फ्रेडीच्या मर्यादेच्या वरच जातं (२०२५ साली तुमच्या काउंटीत ती १२,०९,७५० डॉलर होती), म्हणजे जंबो, आणि जंबोचे नियम ज्या त्या बँकेचे. काही बँका फॅनी मेपेक्षा कडक असतात, काही सैल, विचारल्याशिवाय कळत नाही. एफएचए आणि व्हीएचे, म्हणजे सरकारी हमीच्या कर्जाचे, बायर मात्र सोडून द्या. दोघांकडे प्रोजेक्टच्या मंजुरीची स्वतःची भानगड आहे आणि असा खटला चालू असताना तिथे वेळ घालवण्यात अर्थ नाही.

लेंडरकडे रिकाम्या हातानं जाऊ नका. खटल्याचा मूळ दावा, म्हणजे कम्प्लेंट, तो पब्लिक रेकॉर्ड असतो, काउंटीच्या सुपिरियर कोर्टातून मिळतो, बोर्डाच्या पाया पडायची गरज नाही. असोसिएशनच्या वकिलाचं पत्र मागा ज्यात केस कुठपर्यंत आलीय, काय काय दोष मांडलेत, मीडिएशनची (मध्यस्थासमोर तडजोडीची) तारीख आहे का एवढं असेल. वकील सगळं सांगणार नाही, खटल्याची चर्चा बोर्ड बंद दाराआड करतं आणि कायद्यानं त्यांना ती मुभा आहे, पण बेसिक पत्र बहुतेक जण देतात. मग बजेट, रिझर्व्ह स्टडी (मोठ्या दुरुस्त्यांसाठी किती पैसे साठवायला हवेत याचा अहवाल), इन्शुरन्सचं सर्टिफिकेट, गेल्या १२ महिन्यांच्या मीटिंगची मिनिट्स. कॅलिफोर्नियात डेव्हिस-स्टर्लिंग कायद्याखाली ही विक्रीची कागदपत्रं तुम्ही लेखी मागितली की असोसिएशननं १० दिवसांत द्यायची असतात, फी लावतात पण ती त्यांच्या खऱ्या खर्चाएवढीच असायला हवी. आणि बिल्डरशी वाद कोर्टात जायच्या आधी जी दोषांची प्राथमिक यादी सभासदांना मिळते ती बायरला द्यावीच लागते, ड्रॉवरमध्ये कुठे पडली असेल तर शोधून काढा.

हे सगळं एका पीडीएफमध्ये घालायचं आणि लिस्टिंगबरोबरच, ऑफर यायच्या आधी, समोरच्या एजंटला पाठवायचं. लिस्टिंगच्या एजंट रिमार्क्समध्ये स्वच्छ लिहायचं की डिफेक्टचा खटला चालू आहे, अमुक लेंडर या प्रोजेक्टमध्ये कर्ज द्यायला तयार आहे, पॅकेट मागा. अशानं ऑफर्स कमी येतील. पण येतील त्या सगळं वाचून आलेल्या असतील. शिवाय वर सांगितलेला डिस्क्लोजरचा फॉर्म ऑफर स्वीकारल्यानंतर हातात पडला तर बायरला प्रत्यक्ष मिळाल्यापासून ३ दिवस आणि पोस्टानं आला तर ५ दिवस माघार घ्यायला मिळतात, आधीच देऊन टाकलात तर ही टांगती तलवार पण राहत नाही.

किंमतीचं विचाराल तर अमुक टक्के उतरवा असा आकडा जो कोणी छातीठोकपणे सांगेल त्याच्यापासून लांब राहा. तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये केस लागल्यानंतरचे जे सौदे झाले तेच खरं माप, शेजारच्या खटला नसलेल्या कॉम्प्लेक्सची किंमत धरू नका आणि २०२१ ची तर अजिबात नको. कॅशवाला येईल तो घासाघीस करणारच, त्याला माहितीये तुमची अडचण. त्याला लगेच हो म्हणायच्या आधी पोर्टफोलिओ लेंडरवाला रस्ता चाचपून झालेला असू दे, नाहीतर तुम्ही एकाच माणसाच्या दयेवर राहता.

आणि दिरांचं म्हणणं पण चुकीचं नाहीये. असे बांधकाम-दोषाचे खटले बहुतेक वेळा निकालापर्यंत जात नाहीत, सेटल होतात, पण सेटल व्हायला वेळ लागतो, एक्स्पर्ट भिंती उघडून बघतात, बिल्डर त्याच्या प्लंबरवर आणि खिडकीवाल्यावर उलट दावे लावतो, प्रत्येकाची इन्शुरन्स कंपनी वेगळी, प्रत्येकाचा वकील वेगळा. तुमची दोन घरं दोन राज्यांत चालवायची ऐपत आणि तयारी असेल आणि मीडिएशन जवळ आलं असेल तर थांबण्यात शहाणपण आहे. नुसतीच केस लागलीय आणि अजून तपासण्याच चालू आहेत तर थांबू नका, एकतर भाड्यानं द्या (त्याचं गणित खाली दुसऱ्या पत्रात आहे) नाहीतर वरच्या पद्धतीनं विका. एक लक्षात ठेवा, सेटलमेंट झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी बँका पायघड्या घालत नाहीत. त्यांना कोर्टातून केस काढून टाकल्याचा कागद लागतो आणि दुरुस्तीचं काय हे पण विचारतात. कॅलिफोर्नियात सेटलमेंटनंतर कुठले दोष दुरुस्त होणार आणि अंदाजे कधी हे असोसिएशननं सभासदांना लेखी कळवायचं असतं, तो कागद त्या वेळी सोन्यासारखा जपा.

प्रश्न: नेपरव्हिल, इलिनॉय. आमच्या असोसिएशनवर एका व्हिजिटरनं केस केलीय, पार्किंगमध्ये बर्फावर घसरून पडला म्हणून. आमचा बायर घाबरलाय, म्हणतो काँडो लिटिगेशनमध्ये आहे मी घेत नाही. त्याला काय सांगू?

उत्तर: त्याला सांगा घाबरू नको, आणि तोंडी सांगू नका, कागद द्या. असोसिएशनच्या इन्शुरन्स कंपनीनं केस लढायची जबाबदारी घेतलीय आणि मागितलेली रक्कम पॉलिसीच्या कव्हरेजमध्ये बसते असं पत्र मॅनेजमेंट कंपनीकडून मिळवा. फॅनी मे असा खटला किरकोळच धरते आणि बहुतेक बँकांना ते पत्र पुरतं. घसरून पडणं, शेजाऱ्या-शेजाऱ्यांची आवाजावरून भांडणं, मेंटेनन्स थकवलेल्या मालकावर असोसिएशननं केलेली वसुलीची केस, ही सगळी प्रत्येक मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये कधी ना कधी असतातच. इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे विक्रीच्या वेळी चालू खटल्यांची माहिती बायरला द्यायचीच असते, तर त्या कागदाला हे पत्र जोडून द्या म्हणजे 'लिटिगेशन' हा शब्द त्याला एकटा दिसणार नाही. एकच तपासा, दावा पॉलिसीच्या रकमेपेक्षा मोठा तर नाही ना. असेल तर मग बायर घाबरला त्यात त्याचं काही चुकलं नाही.

प्रश्न: ताई, आम्ही बेलव्ह्यूला भाड्यानं राहतो, पहिलंच घर बघतोय. एक टू-बेडरूम काँडो आमच्या बजेटमध्ये बसतोय, बाकी सगळं हाताबाहेर. कारण असं की तिथे बिल्डरवर केस चालू आहे. एजंट म्हणते हीच संधी, सेटलमेंट झाली की किंमत वर जाईल. आई फोनवर म्हणते भांडणाच्या घरात पाऊल टाकू नका. कोणाचं ऐकू?

उत्तर: दोघींचं अर्धं अर्धं. असं घर घेऊन लोकांनी चांगलं केलेलं मी बघितलंय आणि हात पोळलेले पण बघितलेत, आणि फरक नशिबाचा कमी आणि कागद वाचण्याचा जास्त होता. वॉशिंग्टनमध्ये विकणाऱ्यानं रिसेल सर्टिफिकेट द्यावं लागतं, त्यात असोसिएशनच्या चालू खटल्यांची स्थिती असते, आणि ते मिळाल्यापासून ५ दिवसांत करार रद्द करता येतो, क्लोजिंग आधीच होऊन गेलं तर मात्र नाही. ते पाच दिवस सोफा कुठे ठेवायचा यात घालवू नका. बघायचं काय तर दुरुस्तीचा अंदाज किती आणि केसमधून किती मिळायची आशा आहे. या दोन आकड्यांत जी दरी असते ती मालक भरतात, स्पेशल असेसमेंट म्हणून, आणि केस जिंकली तरी ही दरी असू शकते कारण त्यातून वकिलांची आणि एक्स्पर्टची फी पण जाते. बिल्डरची कंपनी अजून जिवंत आहे का, त्याच्यामागे इन्शुरन्स आहे का, हे विचारा. बऱ्याच बिल्डिंगा एका बिल्डिंगपुरत्या काढलेल्या एलएलसीनं बांधलेल्या असतात आणि काम संपल्यावर त्या एलएलसीच्या खिशात काही उरत नाही.

दुसरं, तुम्हाला आज ज्या लेंडरनं कर्ज दिलं त्याचं व्याज चढं असणार आणि तुम्ही मनात म्हणणार की दर उतरले की रीफायनान्स करू. केस चालू असेपर्यंत रीफायनान्सलाही तोच अडथळा आहे जो विकायला आहे. म्हणजे आत शिरलात की काही वर्षं दार बंद समजायचं, नोकरी गेली, गाव बदललं, जुळी झाली, काहीही झालं तरी. तेवढी वर्षं या दोन खोल्यांत आणि या हप्त्यात निभेल असं वाटत असेल तरच पुढे जा. एचओ-सिक्स, म्हणजे काँडोमालकाची इन्शुरन्स पॉलिसी, घेताना लॉस असेसमेंटची रक्कम वाढवून घ्या, फार महाग नसते, पण ती बांधकामाच्या दोषांसाठी नाही, आग, वादळ असलं काही होऊन असोसिएशननं सगळ्यांकडून पैसे मागितले तर त्यासाठी आहे, इन्शुरन्सचा एजंट तुम्हाला उलटं सांगेल तर पॉलिसी उघडून दाखव म्हणा. आणि एजंटताईंना विचारा, 'संधी' म्हणताय तर या कॉम्प्लेक्समधली शेवटची तीन क्लोजिंग्ज कुठल्या लेंडरनं केली ते सांगा.

प्रश्न: आम्ही सॅन होजेचा काँडो विकून पुण्याला परत जाणार होतो, दोघंही एच-वनबीवर आहोत, ग्रीन कार्डची वाट बघून कंटाळलो. असोसिएशनच्या केसमुळे घर विकलं जाईना. भाड्यानं देऊन निघून जावं आणि केस मिटली की तिकडून विकावं असा विचार आहे. घर दोघांच्या नावावर आहे, ८ वर्षं राहतोय. टॅक्सचं काय होईल?

उत्तर: यात दोन घड्याळं एकदम चालू होतात आणि बरेच जण एकाचकडे बघतात.

पहिलं घड्याळ घराच्या नफ्यावरच्या सवलतीचं. विकायच्या आधीच्या ५ वर्षांत २ वर्षं स्वतः राहिलेलं असेल तर एकट्याला २,५०,००० आणि जॉइंट रिटर्न भरणाऱ्या नवरा-बायकोला ५,००,००० डॉलरपर्यंतच्या नफ्यावर फेडरल टॅक्स नाही. म्हणजे तुम्ही घर सोडल्यापासून साधारण ३ वर्षांच्या आत विकलं तर सवलत शाबूत, त्यानंतर गेली. केस तीन वर्षांत मिटेल का हे आज कोणी सांगू शकत नाही, म्हणून कॅलेंडरवर आधीच एक तारीख टाका की या दिवसापर्यंत केस मिटो ना मिटो, कॅशमध्ये का होईना पण विकायचं का, हा निर्णय घ्यायचा. भाड्याच्या काळात जो डेप्रिसिएशन (घसारा) निघतो तेवढ्या नफ्यावर टॅक्स लागतोच, तो सवलतीत बसत नाही.

दुसरं घड्याळ तुमच्या रेसिडेन्सीचं. आज तुम्ही इथले टॅक्स रेसिडेंट आहात, आज विकलंत तर फर्प्टाचा, म्हणजे परदेशी विक्रेत्याच्या पैशातून टॅक्स कापायच्या कायद्याचा, प्रश्न नाही, फक्त आपण परदेशी नाही असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. एकदा पुण्याला जाऊन नॉन-रेसिडेंट झालात की विकताना बायरनं तुमच्या विक्रीच्या किंमतीतून, नफ्यातून नाही, किंमतीतून, १५ टक्के कापून आयआरएसकडे भरायचे असतात. बायर स्वतः राहायला घेत असेल आणि किंमत १० लाख डॉलरपर्यंत असेल तर १० टक्के, ३ लाखांपर्यंत असेल तर शून्य, पण सॅन होजेत ३ लाखांचं घर मला दाखवा. हा टॅक्स नव्हे, आगाऊ कपात आहे, रिटर्न भरून जास्तीचं परत मिळतं, आणि क्लोजिंगच्या आधी अर्ज करून कपात कमी करून घ्यायची सोय पण आहे, त्याला वेळ लागतो म्हणून सीएला ऑफर यायच्या आधीच कामाला लावा. कॅलिफोर्नियाची वेगळी कपात ३.३३ टक्के, स्वतःच्या राहत्या घराच्या अटीत बसत असाल तर त्यातून सुटका आहे. नॉन-रेसिडेंट झाल्यावर जॉइंट रिटर्न साधारणपणे भरता येत नाही, पण घर दोघांच्या नावावर आहे आणि दोघंही राहिलात तर आपापल्या रिटर्नवर प्रत्येकी २,५०,००० चा विचार करता येतो. भारतात परतल्यावर सुरुवातीची जी आरएनओआर (रेसिडेंट बट नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट) वर्षं मिळतात त्यात परदेशातल्या घराच्या नफ्यावर तिकडे टॅक्स लागत नाही, हे पण त्या तारखेच्या गणितात धरा. दोन्ही देशांचं बघणारा एकच सीए मिळाला तर उत्तम.

आणि भाड्यानं द्यायचंय तर सीसीअँडआर, म्हणजे असोसिएशनची नियमावली, वाचा. कॅलिफोर्नियात असोसिएशनला भाड्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, भाड्यानं देता येणाऱ्या युनिट्सची मर्यादा २५ टक्क्यांच्या खाली ठेवता येत नाही, पण २५ टक्क्यांची मर्यादा असेल आणि ती भरलेली असेल, आणि खटला चालू असलेल्या कॉम्प्लेक्समध्ये ती लवकर भरते कारण तुमच्यासारखे सगळेच भाड्यानं देतात, तर वेटिंग लिस्टवर बसावं लागेल. तिकीट काढायच्या आधी मॅनेजमेंट कंपनीला ईमेल करा.

प्रश्न: मी आमच्या एचओएच्या बोर्डावर आहे. बिल्डरवर केस करायचा निर्णय आम्ही घेतला तेव्हापासून पॉटलकला कोणी धड बोलत नाही, विकणारे म्हणतात तुमच्यामुळे आमचं घर पडून आहे. आम्ही काय चूक केली?

उत्तर: केस करण्यात तुमची चूक नाही. कॅलिफोर्नियाचं धरलं तर लपलेल्या बांधकाम-दोषांसाठी बिल्डरला गाठायची बाहेरची मर्यादा काम पूर्ण झाल्यापासून १० वर्षं आहे, काही दोषांना त्याहून कमी, आणि बोर्डानं ती मुदत झोपेत घालवली तर दुरुस्तीचा सगळा खर्च त्याच विकणाऱ्यांच्या आणि राहणाऱ्यांच्या बोकांडी बसला असता. लोक चिडतात ते बहुतेक वेळा केसवर नाही, तुम्ही गप्प बसता त्यावर. वकील म्हणाला काही बोलू नका की बोर्ड अगदीच तोंडाला कुलूप लावतं, मॅनेजमेंट कंपनी बँकेच्या क्वेश्चनेअरवर 'लिटिगेशन: होय, तपशील देता येत नाही' एवढं लिहून पाठवते, आणि इथेच लोन मरतं. अंडररायटरला तपशील नसेल तर तो सगळ्यात वाईट धरून चालतो. वकिलाकडून एकच प्रमाणित पत्र लिहून घ्या, दर तीन महिन्यांनी तारीख बदलून ताजं करा, कम्प्लेंट, रिझर्व्ह स्टडी आणि तपासणीचा रिपोर्ट त्याबरोबर ठेवा, आणि जो मालक किंवा लेंडर मागेल त्याला त्याच दिवशी द्या अशी सूचना मॅनेजमेंटला लेखी करा. ज्या लेंडरनं तुमच्याकडे कर्ज दिलं त्यांची नावं मालकांना कळवा. खर्च काही नाही त्याला, आणि पॉटलकला शेंगदाण्याची चटणी तरी पास करतील.

प्रश्न: छोटा प्रश्न. मी घर विकलं आणि सहा महिन्यांनी असोसिएशनला बिल्डरकडून मोठी रक्कम मिळाली तर माझा वाटा मला मिळेल का? इतकी वर्षं मेंटेनन्स मीच भरलाय.

उत्तर: नाही. कॉमन एरियाच्या दोषांचा दावा असोसिएशनचा असतो, पैसे तिच्याकडे येतात आणि दुरुस्तीला जातात, चेक घरोघरी वाटला जात नाही, म्हणजे त्या वेळी जो मालक असेल त्यालाही हातात काही मिळत नाही, दुरुस्त झालेली भिंत मिळते. याचा उपयोग फक्त किंमत ठरवताना होतो, सेटलमेंट अगदी तोंडावर आलेली असेल आणि तसं लेखी दाखवता येत असेल तर त्या जोरावर कमी सूट द्या. पण करारात एक गोष्ट नक्की लिहून घ्या, क्लोजिंगच्या आधी मंजूर झालेलं स्पेशल असेसमेंट कोण भरणार आणि क्लोजिंगनंतर मंजूर झालेलं कोण, कारण 'मंजूर' केव्हा आणि 'देय' केव्हा यावरून पुढे भांडणं होतात आणि तेव्हा बोर्डाच्या मिनिट्समधली तारीखच बघितली जाते.